सतरा नंबरचा टोप

त्या दिवशी दुपारी माझ्याजवळ भात शिजवायचा एक टोप उरला. उरायला नको होता. एकोणीस घरांसाठी मी एकोणीस टोप बैलगाडीतून आणले होते, आणि माझ्या वहीप्रमाणे ती एकोणीसही घरं वेशीबाहेर येऊन आपापल्या झोपडीपुढे चूल मांडून बसली होती. सतरा नंबरचा टोप मात्र गाडीत तसाच. मी वही पाहिली, टोप पाहिला, पुन्हा वही पाहिली. वही आणि वस्तू यांचा मेळ बसत नसेल तर चूक माणसाची असते, हे मी धंद्याच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. आता ती कोणत्या माणसाची, एवढंच शोधायचं होतं.

पण आधी टोपांचं सांगायला हवं.

लग्न होऊन मी मालवणजवळच्या या गावात आले तेव्हा माझ्याबरोबर माहेरची चौदा भांडी आली. नवरा मुंबईत गिरणीत, घरात सासू आणि मी. दोघींच्या भाताला आणि आमटीला दोन भांडी पुरत. बाकीची बारा माळ्यावर पालथी. गावात लग्न निघालं की यजमान तीन वाड्या फिरून टोप, पराती, डाव उसने आणायचा, आणि लग्न झालं की पुढचे आठ दिवस कोणाचं भांडं कोणतं यावरून भांडणं. एका लग्नात आमच्या शेजारणीची परात दुसऱ्याच घरात गेली आणि त्या दोन घरांत तीन वर्षं हळदीकुंकू बंद होतं. ते पाहून मी कासाराकडून माझ्या प्रत्येक भांड्याच्या काठावर टिंबांनी नंबर घालून घेतला आणि भांडी भाड्याने द्यायला लागले. मग आणखी टोप घेतले, दोन मोठे हंडे घेतले, सतरंज्या घेतल्या, दोन गॅसबत्त्या घेतल्या. माझ्या चोविसाव्या वर्षी मांगरातली, म्हणजे गोठ्यातली, गुरं मागच्या पडवीत गेली आणि मांगर माझ्या भांड्यांचा झाला.

गावाला हे नवीन होतं. पाणवठ्यावर एक जण रोज म्हणायची, "घोव मुंबयत मशीन चालयता, बायल हंय टोप चालयता."

माझी सासू कमी बोलणारी, पण हे तिने एकदा ऐकलं. "टोपात भात तरी शिजता," ती म्हणाली. "तुझ्या तोंडात काय शिजता ता सगळ्या गावाक म्हायत आसा." त्यानंतर पाणवठ्यावर शांतता झाली.

धंद्याचा नियम मी पहिल्या पानावर लिहिला होता. लग्न, मुंज, सत्यनारायण यांना भाडं. बाराव्या-तेराव्याला, शाळेला आणि गावाच्या कामाला फुकट. भांडी धुऊन परत आली पाहिजेत, हे मात्र दोन्हीकडे सारखं. गावाच्या कामाला फुकट म्हटल्यावर गावाला किती कामं असतात ते कळतं. बाव, म्हणजे विहीर, उपसायची असली की हंडे, शाळेत सरस्वतीपूजन असलं की पराती, देवळाच्या आवारातलं गवत काढायचं असलं की चहाचं पातेलं, आणि पातेल्याबरोबर मी. कारण भांडं दिलं आणि घरी बसले तर माझ्या जिवाला चैन पडायचं नाही. एकदा भांड्यामागून गेलं की मग चहा कोण करणार, कप कोण धुणार, विळे कोणी आणायचे हे सगळं मीच सांगायला लागायची. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी नकोही म्हटलं नाही. माणसांना कामाचा कंटाळा नसतो, कोणतं काम आपलं हे न कळण्याचा असतो.

आता गावपळण. आमच्याकडे दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि ठरलेल्या दिवशी सगळा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. बाहेर माळावर माडाच्या झावळांच्या झोपड्या घालून तीन रात्री राहायचं. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल घेतात, देवाने हो म्हटलं की परत. मधल्या काळात वेशीच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. आणि पहिल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत गाव रिकामा झाला पाहिजे. एक माणूस जरी मागे राहिला तरी पळण फुकट, सगळ्यांनी परत फिरायचं आणि पुन्हा कधीतरी पहिल्यापासून करायचं. नियम एवढेच. बाकी सगळी मौज असते. तीन दिवस शेत नाही, सारवण नाही, कोणाच्या घराला भिंत नाही, त्यामुळे कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं आणि सगळे सगळ्यांकडे जेवतात.

मी नवी नवरी असताना पहिली पळण पाहिली. मौज होती, पण घोळही होता. अर्धांगवायू झालेल्या एका म्हाताऱ्यांना कोणी आणायचं यावर दुपारपर्यंत नुसती चर्चा, शेवटी त्यांना दाराच्या फळीवर घालून आणलं. एका झोपडीत पाच डाव आणि टोप एकही नाही. एका घराने भात घासलेटच्या डब्यात शिजवला, आणि तो मी स्वतः खाल्ला आहे. परत आल्यावर मी एका पाठकोऱ्या कागदावर चुकलेल्या अकरा गोष्टी लिहून काढल्या आणि कागद तांदळाच्या कणगीवर खोचून ठेवला.

पुढच्या पळणीचा कौल झाला त्या आठवड्यात मी तो कागद घेऊन गावकरांकडे गेले. गावकर म्हणजे गावचे पहिले मानकरी, सत्तरीचे, अंगाने किडकिडीत, डोळे बारीक करून ऐकायचे. मी कागद वाचून दाखवला आणि म्हटलं, कोणाला उचलून न्यायचं, कोणाला भांडी नाहीत, कोणाकडे झोपडी घालायला माणूस नाही, याच्या याद्या मी करते. प्रत्येक वाडीला एक माणूस नेमू. भांडी माझी, भाडं नाही.

"गो बाय," ते म्हणाले, "देवाची पळण ती. तुझ्या टोपांचा थंय काय काम?"

"आजानू, गेल्या पळणीक मी घासलेटचो भात खाल्लंय. म्हणान विचारतंय."

"भात तर मी पण खाल्लंय," ते म्हणाले. "माका वाटला, आमच्या बायलेन रागान तसो केल्यान." मग जरा वेळ कागदाकडे बघत बसले. वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजल्या असाव्यात. "काय करूचा ता कर. पण देवाच्या आधी ढोल वाजवू नको."

एवढी परवानगी मला पुरे होती. मी गावाचा नकाशा काढला, वाड्यांमध्ये पेन्सिलीने रेघा मारल्या आणि प्रत्येक वाडीला एक माणूस दिला. मधल्या वाडीला शाळेचे मास्तर. किनाऱ्याकडच्या खालच्या वाडीला आमचा शिंपी, कारण त्याला सगळ्यांची मापं पाठ होती आणि माणसं तो मापावरून ओळखायचा. पंधरा दिवस आम्ही दारोदार फिरलो. एकट्या माणसांची झोपडी कोण घालणार, ते ठरलं. उचलून न्यायची माणसं किती, आणि त्यांना कोण उचलणार, तेही ठरलं. ज्यांना भांडी वाहून नेणं जमणार नव्हतं अशी घरं एकोणीस निघाली, त्यांना टोपांचे नंबर दिले.

पळणीच्या दिवशी सकाळी देवळातला ढोल वाजला आणि गाव निघाला. असा निघाला की मला वाटलं, मी आता सुखाने म्हातारी व्हायला हरकत नाही. पुढे गुरं, मागे गाड्या, गाड्यांत भाताची पोती, पोत्यांवर पोरं, पोरांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली मांजरं. डालीखालच्या कोंबड्या सगळ्या रस्ताभर तक्रार करत होत्या. एका घराने भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, ते चालत्या गाडीत दर थोड्या वेळाने बारा ठोके द्यायचं. अर्धांगवायूवाल्या म्हाताऱ्यांना या वेळी आरामखुर्चीत बसवून खुर्ची दोन बांबूंना बांधली होती आणि चार माणसं ती उचलून चालली होती. म्हातारे वरून हुकूम सोडत होते. "हळू चला रे. लग्नात पण माका एवढो मान मिळूक नाय."

दुपारी बाराच्या सुमाराला सगळे माळावर पोचले. मी टोप वाटायला घेतले. आणि सतरा नंबर उरला.

वहीत सतरा नंबरापुढे लिहिलं होतं: काकी, एकटी, कोंबड्या. ही काकी म्हणजे पूर्वी डोकीवर टोपली घेऊन मासे विकणारी एक विधवा बाई. गुडघे गेल्यावर फिरणं संपलं, तेव्हापासून कोंबड्या पाळून अंडी विकायची. तिचं घर किनाऱ्याला लागून, माडांच्या मागे, खालची वाडी संपते आणि मधली सुरू होते तिथे. माझी पेन्सिलीची रेघ बरोबर तिच्या घरावरून गेली होती.

मी मास्तरांना बोलावलं, शिंप्याला बोलावलं.

"त्या खालच्या वाडीत मोडतात," मास्तर म्हणाले. मास्तर बाहेरगावचे, आमच्याशी पुस्तकी बोलायचे. "त्यांचं दार तिकडे उघडतं."

"दार उघडला म्हणान काय झाला?" शिंपी म्हणाला. "तिची बाव मधल्या वाडयेत. लग्नात ती तुमच्या पंगतीक बसता."

"होळीची लाकडं त्या तुमच्या वाडीला देतात."

"लाकडां ती कोणाकय देता. तुमका पण देतली, मागून बघा."

"अहो, पण मी सकाळी त्यांना विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "त्या म्हणाल्या, मी शिंप्याबरोबर जाते."

शिंप्याने कपाळावर हात मारला. मग हळूच म्हणाला, "माका म्हणाली, मास्तरावांगडा जातंय."

विसरलेलं माणूस शोधून काढता येतं. ठरवून मागे राहिलेल्या माणसाचं काय करायचं, हे माझ्या यादीत नव्हतं.

गावकर फणसाच्या सावलीत पत्ते खेळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पानं उपडी ठेवली. गुरव तिथेच होता. तो म्हणाला, वेशीच्या आत आता कोणाला जाता येणार नाही, देवाला विचारायचं तर देऊळही आतच. मास्तर म्हणाले, वेशीवरून हाका मारू. वेशीपासून तिचं घर मैलभर लांब, मध्ये टेकडी. कोणी म्हणालं, गुरवाने बरोबर आणलेला ढोल वाजवू. ढोल तर तिने सकाळीही ऐकला होता.

"दिस मावळाच्या आधी ती भायर इली नाय," गावकर म्हणाले, "तर हे सगळे परत." त्यांनी हाताने माळ दाखवला. माळावर तेव्हा सगळीकडे धूर निघत होता, पोरं आट्यापाट्या खेळत होती, बायका एकमेकींच्या चुलीत लाकडं सारत होत्या. हे सगळं पुन्हा गाडीत भरायचं, आणि तेही माझ्या पेन्सिलीच्या रेघेमुळे. ढोल मी देवाच्या आधी वाजवला, असंच गाव म्हणणार होता.

तेवढ्यात आमचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, विडी पेटवायला तिथे आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "वेस जमनीक असता. दर्याक खंयची वेस?"

गुरवाने मान वर केली.

"आमची होडी शेजारच्या गावच्या किनाऱ्यार आसा," तो म्हणाला. "तिच्या दारासमोर न्हेवन उभी करतंय. चार वाजता भरती पुरी होता. पाणी तिच्या माडांच्या मुळाक लागता."

"आणि वाळयेर पाय टाकलो तर?" गुरवाने विचारलं.

सगळे गावकरांकडे बघायला लागले. गावकरांनी डोळे बारीक केले. "ओली वाळू दर्याची, सुकी गावाची," ते म्हणाले. "ओलयेर उभे रवा. सुकयेर पाय टाकू नकात." आणि पत्ते उचलले. म्हणजे निकाल लागला.

मी होडीत बसले, कारण तिला समजावायला बाई हवी. टोपही बरोबर घेतला, कारण तो तिचा होता. तांडेल, दोन वल्ही मारणारे, मी, वही आणि टोप. मी वरच्या वाडीची, शेतावरची. समुद्र आमच्या अंगणातून दिसायचा तेवढाच मला पुरत असे. होडी वळसा घालून आमच्या गावासमोर येईपर्यंत मी दोन्ही हातांनी तिची कड धरून बसले होते.

"वयनी, तू पडलंस तर चलात," तांडेल म्हणाला. "वही घट्ट धर."

समुद्रावरून रिकामा गाव मी तेव्हा प्रथमच पाहिला. घरं तीच, माड तेच, पण ना कुत्रं ना माणूस, सगळ्या अंगणांत फक्त कावळे. कुठे धूर नव्हता. नाही म्हणायला एका घरातून एक बारीकशी रेघ वर चालली होती.

"बघा, जेवण करता," वल्ह्यावरचा एक जण म्हणाला.

तांडेलाने होडी लाटांच्या आत उभी केली आणि हाक मारली. दुसऱ्या हाकेला काकी माडांतून बाहेर आली. हातात केरसुणी. कपाळावर हात धरून तिने आमच्याकडे पाहिलं.

"कोण रे ता? गाव पळालो ना? मगे तुम्ही हंय काय करतास?"

"तुका न्हेवक इलंव," तांडेल ओरडला.

"माका कशाक? मी हंय बरी आसंय."

आता मी उभी राहिले. होडीत उभं राहणं ही एक वेगळीच विद्या आहे. "काकी, तू मास्तराक सांगलंस शिंप्यावांगडा जातंय, आणि शिंप्याक सांगलंस मास्तरावांगडा."

"दोघांचोव मान राखलंय," ती म्हणाली.

"पण कित्याक रवलंस?"

"माझी कोंबी बसली आसा."

मग ती किनाऱ्यावरून आणि मी होडीतून, लाटेच्या आवाजात निम्मं दोनदा बोललो, तेव्हा सगळं स्पष्ट झालं. तिच्या होत्या नव्हत्या त्या कोंबड्या त्या पावसाळ्यात मुंगसाने संपवल्या होत्या. एकच राहिली. तिच्याखाली तिने अकरा अंडी ठेवली होती आणि पिल्लं फुटायला दोन दिवस उरले होते. गेल्या पळणीलाही अशीच एक कोंबडी बसलेली होती. ती तिने डालीत घालून माळावर नेली, कोंबडी भ्याली, अंड्यांवरून उठली ती पुन्हा बसलीच नाही. अंडी गार झाली. "त्या वर्सा मी पावसाळो दुसऱ्याच्या पेजेर काढलंय," काकी म्हणाली. "परत नाय काढूचंय."

चुकलेल्या अकरा गोष्टींच्या माझ्या कागदावर ही गोष्ट नव्हती, कारण ती काकीने कोणाला सांगितली नव्हती आणि मी विचारली नव्हती. मी तिच्या नावापुढे कोंबड्या असं लिहून पुढच्या घरी गेले होते.

"काकी, दिस मावळाच्या आधी तू भायर इलंस नाय तर सगळ्या गावाची पळण फुकट."

"गाव परत पळात. गावाक पाय आसत. अंड्यांका खंयचे पाय?"

तांडेल खाली बघून हसत होता. मला घाई होती. सूर्य वर होता, पण भरती उतरायला लागली की होडी माडांपासून दूर जाणार होती. घाईत मी जे बोलले ते धंद्यातल्यासारखं बोलले. "एकूण एक अंडा मी सांभाळतंय. एक जरी फुटला तर हो टोप तुझो."

ती जरा पुढे आली. "खंयचो टोप? दाखय."

मी टोप वर धरला.

"तळ दाखय."

मी तळ दाखवला.

"कल्हई कधी केलंस?"

"गेल्या म्हयन्यात."

"मगे येतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचा अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही. काकी आली ती काखेत कोंबडी आणि ओटीत अंडी घेऊन. सुक्या वाळूवर तिने यायचं, ओल्या वाळूवर आम्ही उभं राहायचं. पण लाट काही रेघ मारून राहत नाही. ती वर आली की आम्ही पुढे सरकायचो, ओसरली की वाळू आमच्या पायाखालीच सुकत जायची आणि तांडेल ओरडायचा, "मागे, मागे, गाव लागलो." मी गुडघाभर पाण्यात टोप धरून, टोपात गवत. काकी एक अंडं काढायची, उजेडाला धरायची, मला द्यायची, तेवढ्यात लाट मागे, मी मागे. अकरा अंड्यांना अकरा लाटा लागल्या. कोंबडी तांडेलाकडे दिली. तिने त्याच्या मनगटाला चोच मारली. शेवटी वल्ह्यावरच्या दोघांनी मिळून काकीलाच उचललं.

"असा माका माझ्या घोवान पण कधी उचलूक नाय," ती वरून म्हणाली. घरातली चूल विझवून आलीस ना, हे मी तिला होडीत बसल्यावर विचारलं. विझवली होती. वर राख ओढून, दाराला कडी लावून आली होती. यादी करणारी मी एकटीच नव्हते.

माळावर आलो तेव्हा सूर्य बराच खाली होता, पण होता. गावकरांनी काकीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि गुरवाला मान हलवून खूण केली. ढोल वाजला. गाव रिकामा झाला. लोकांनी असा गलका केला की काकीची कोंबडी तांडेलाच्या हातातून सुटून गाड्यांखाली गेली.

तिला पकडायला पंधरा माणसं धावली, म्हणजे ती आता काही हाती लागणार नव्हती. "पळू नकात," काकी म्हणाली. "काळोख पडलो की आपसूक येतली. तवसर अंडी गार होतली ती बघा." तिने बायकांकडे पाहिलं. "अकरा जणी होये. पोटाक उब आसा अशे."

मी बायका निवडायला जाणार, तोवर तिनेच निवडायला सुरुवात केली. एकेकीच्या हाताला हात लावून बघायची. "तू बस. तू नको, तुझे हात गार. तू बस. तू नको, तू हसतंस खूप, अंडा फुटात." गावकरांच्या बायकोला एक मिळालं. माझ्या सासूला मिळालं. पाणवठ्यावरच्या त्या बाईला मिळालं, आणि ती माझ्या सासूला लागूनच बसली. अकरावं मला. अंडं ओटीत गुंडाळून कमरेला खोचायचं आणि हलायचं नाही.

अशा आम्ही अकरा जणी रांगेत बसलो. ऐन चुली पेटवायच्या वेळेला. आणि मग ज्यांच्या बायका बसल्या होत्या त्या घरांतले पुरुष चुलींकडे गेले. मी बऱ्याच पंगती वाढल्या आहेत, पण तसं जेवण होताना पाहिलं नाही. शिंप्याने भाताला पाणी मापाने घातलं, बोटाच्या पेराने, म्हणून भात तरी बरा झाला. गावकर स्वतः आमटीशी बसले होते आणि दर वेळी बायकोला विचारायचे, "आता काय घालू?" ती अंड्यावर हात ठेवून म्हणायची, "काय घालूचा ता तुमकाच म्हायत. माका उठूक होवचा नाय." मला वाटतं, चाळीस वर्षांत ती प्रथमच अशी बसली असेल. सासू आणि पाणवठ्यावरची बाई कसल्याशा गोष्टीवर हसत होत्या. कसल्या, ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही.

मी पंधरा मिनिटं बसले असेन. मग मला दिसलं की मोठ्या हंड्यावर भलतंच झाकण ठेवलंय. तीन नंबरच्या हंड्यावर पाच नंबरचं. ते घसरून आमटीत पडणार हे मला दिसत होतं आणि दुसऱ्या कोणालाही दिसत नव्हतं. मी उठले, तरातरा गेले, वाकून झाकण उचललं.

आवाज अगदी बारीक झाला. ओटीतून काही तरी गरम मांडीवरून ओघळलं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

काकीने मान वळवली नाही. "टोप माझो," ती म्हणाली.

रांगेतल्या दहा जणी हसू आवरत, पोट धरून, अंडी सांभाळत बसल्या. त्यांचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. मी लुगडं धुवायला गेले. त्या अंड्यातलं पिल्लू दोन दिवसांनी बाहेर आलं असतं, हे मी अजूनही विसरलेले नाही. सगळ्यांची घडी बसवणारी मी, पण नुसतं बसण्याचं काम तेवढं मला दिलं होतं आणि तेच जमलं नाही.

सूर्य बुडाला आणि कोंबडी खरंच आपसूक आली. काकीने सतरा नंबरचा टोप आडवा ठेवला, आत गवतावर दहा अंडी मांडली, कोंबडी आत सरकवली आणि वर डाली घातली. कोंबडी दोनदा फिरली आणि बसली. मग रांगेतल्या दहा जणी उठल्या आणि सगळ्यांना एकदमच जेवायला वाढलं. आमटी खारट होती. तरी हंडा रिकामा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून टोपात चिवचिव सुरू झाली. दुपारपर्यंत दहा. सगळा माळ बघून गेला. ज्या दहा जणींनी अंडी सांभाळली होती, त्यांतली प्रत्येक जण एका पिल्लाकडे बोट दाखवून हे माझं म्हणत होती. सारखी दिसणारी दहा पिल्लं त्या कशी ओळखत होत्या, देव जाणे. मी ओळखायला गेले नाही. मला तो हक्क नव्हता.

चौथ्या दिवशी कौल मिळाला. परत जाताना मी वेशीवर वही घेऊन उभी राहिले. गावकर माझ्याशेजारी थांबले.

"गेलेले किती, इलेले किती?"

"माणसां बरोबर, आजानू. कोंबड्यो दहा जास्त."

"इतक्यो पळणी बघलंय," ते म्हणाले, "पण पळणीत गाव वाढलेलो आजच बघतंय."

पुढच्या पळणीच्या यादीत मी एक नवीन रकाना केला: बसलेल्या कोंबड्या. नकाशावरची रेघही खोडून किनाऱ्याच्या बाजूला सरकवली. त्या वर्षी काकीचं खुराडं भरलेलं होतं आणि ढोल वाजायच्या आधीच ती वेशीवर जाऊन बसली होती. देवाच्या आधी निघू नये, असं गावकरांना तिलाही सांगावं लागलं.

सतरा नंबर मी पुन्हा भरून काढला नाही, म्हणजे त्या नंबराचा दुसरा टोप घेतला नाही. वहीत त्याच्यापुढे आजही 'काकीकडे' एवढंच आहे. मोठं लग्न निघालं आणि टोप कमी पडले की मला तिच्या दाराशी जावं लागे. ती टोप द्यायची, पण भाडं ठरवून: दिवसाला एक अंडं, आणि ते मी दुसरीकडून आणायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही. टोप परत द्यायला गेले की तिच्या अंगणात वीसएक कोंबड्या माझ्या पायात यायच्या. काकी पडवीत बसूनच हात पुढे करायची.

"तळ दाखय," म्हणायची.